सस्पेन्ड झालेलं नर्सिंग लायसन्स परत मिळवताना: व्यसनातून बाहेर आल्यावरची कागदपत्रांची वाट

हायड्रोमॉर्फोन या तीव्र, सवय लावणाऱ्या वेदनाशामकाचं अर्धं व्हायल पेशंटला, उरलेलं अर्धं 'वेस्ट', म्हणजे टाकून द्यायचं. औषधांच्या मशीनच्या स्क्रीनवर तशी नोंद व्हायची, साक्षीदार म्हणून शेजारची नर्स मान वर न करता बोट टेकवायची, आणि ते उरलेलं अर्धं माझ्या स्क्रबच्या खिशात जायचं. 7 महिने हे चाललं. मग फार्मसीने माझ्या नोंदींचा हिशोब काढला. त्याच संध्याकाळी बॅज जमा झाला आणि काही आठवड्यांत लायसन्स सस्पेन्ड.

आता लायसन्स परत मिळालं आहे आणि त्यावरची बंधनंही उठली आहेत. तेव्हापासून अमेरिकेत नर्सिंग करणाऱ्या आपल्या लोकांचे अधूनमधून फोन येतात. बहुतेक रात्री उशिरा येतात आणि बहुतेकांच्या घरी 'सध्या रजेवर आहे' एवढंच माहीत असतं. प्रत्येकाला तेच ते सांगते, म्हणून एकदा लिहूनच काढते. मी वकील नाही आणि नियम राज्यागणिक बदलतात, तेव्हा आपल्या राज्याच्या नर्सिंग बोर्डाचं पान उघडं ठेवूनच हे वाचा.

माझा पहिला अर्ज फेटाळला गेला. तेव्हा मला सोबर होऊन 14 महिने झाले होते, पण कागदावर मी जेमतेम 5 महिने सोबर होते. आधीच्या 9 महिन्यांची एकही टेस्ट नव्हती, व्यसनमुक्ती गटाच्या मीटिंगची नोंद नव्हती, कुणाची सही नव्हती. त्या महिन्यांत मी रोज मीटिंगला गेले होते, पण ते सांगणारी मी एकटीच होते. नर्सिंगच्या पहिल्या वर्षी आपल्याला शिकवतात ना, चार्टवर नोंद नाही म्हणजे ते केलंच नाही? बोर्ड तुमच्याकडे नेमकं त्याच नजरेने बघतं. तुम्हाला किती वाईट वाटतंय हा त्यांचा प्रश्नच नसतो. उद्या तुमच्या हातात पेशंट दिला तर तो सुरक्षित राहील याचा पुरावा त्यांना हवा असतो. म्हणून अर्ज कधी करायचा याची वाट न बघता पुरावा आजपासून जमवायला लागा.

आधी ऑर्डर नीट वाचा

बोर्डाची ऑर्डर आली की बहुतेक जण पहिलं पान वाचून ती ड्रॉवरमध्ये टाकतात. मीही तेच केलं. खरं काम शेवटच्या पानांवर असतं, जिथे परत अर्ज करण्याच्या अटी लिहिलेल्या असतात. तुमच्या लायसन्सचं नेमकं काय झालंय ते त्यातून शोधा, कारण पुढचा रस्ता त्यावर ठरतो.

सस्पेन्शन म्हणजे लायसन्स आहे, पण वापरता येत नाही. ते ठरावीक मुदतीचं असेल किंवा 'अमुक अटी पूर्ण होईपर्यंत' असेल. तातडीचं सस्पेन्शन सुनावणीच्या आधीच लागू होतं, आणि त्यावर सुनावणी मागायची मुदत फार थोडी असते. ती हुकवू नका. 'स्टेड' सस्पेन्शन म्हणजे शिक्षा सुनावली पण स्थगित ठेवली: अटी पाळून काम करता येतं, अट मोडली की स्थगिती उठते. स्वखुशीने परत केलेलं लायसन्स ऐकायला सौम्य वाटतं, पण बऱ्याच ठिकाणी त्याचं वजन रद्द झालेल्या लायसन्सएवढंच असतं. रद्द झालं असेल तर ठरावीक काळ अर्जच करता येत नाही. टेक्सासमध्ये हा काळ किमान 1 वर्ष आहे, कॅलिफोर्नियात साधारणपणे 3 वर्षं.

ऑर्डरमधली प्रत्येक अट एका कागदावर उतरवा आणि समोर लिहा: पुरावा काय, कोण देणार, कोणत्या तारखेपर्यंत. माझ्या यादीत 11 अटी निघाल्या. त्यातली एक, फार्माकॉलॉजीचा छोटा कोर्स, मी वर्षभर विसरूनच गेले होते.

या काळात नर्सचं काम तर करायचं नाहीच, पण 'आरएन' (रजिस्टर्ड नर्स) ही अक्षरं सहीत, ईमेलखाली किंवा लिंक्डइनवरही ठेवू नका. सस्पेन्शन असताना ते बिरुद वापरणं हे बोर्डाच्या दृष्टीने नवं प्रकरण ठरू शकतं.

सही करण्याआधी दोन वकील

हा भाग मी लांबवणार आहे, कारण इथे झालेली चूक नंतर दुरुस्त होत नाही.

औषध चोरीचं प्रकरण एकाच वेळी अनेक टेबलांवर चालू असतं. नोकरीचं टेबल वेगळं, बोर्डाचं वेगळं, पोलीस आणि कोर्टाचं वेगळं. बोर्ड तुमच्यापुढे संमतीची ऑर्डर ठेवतं, म्हणजे अमुक गोष्टी मान्य करा आणि अमुक अटींवर प्रकरण मिटवू. त्यात 'मी अमुक तारखेला कंट्रोल्ड सब्स्टन्स (कायद्याने नियंत्रित औषध) बेकायदा घेतला' असं वाक्य असतं. कोर्टात खटला चालू असेल तर ते वाक्य तिथेही पोचू शकतं. म्हणून पहिला वकील लायसन्स प्रकरणांचा हवा. घटस्फोट किंवा घरखरेदी करून देणारा ओळखीचा वकील इथे चालत नाही. अनेक नर्सेसकडे स्वतःचा मालप्रॅक्टिस विमा असतो, आणि कित्येक पॉलिसींमध्ये बोर्डापुढच्या बचावाचा खर्च बसतो. पॉलिसी काढून बघा.

दुसरा वकील इमिग्रेशनचा, तुम्ही अजून अमेरिकन नागरिक नसाल तर. ग्रीन कार्ड असलं तरीही. अमेरिकन इमिग्रेशन कायद्यात अमली पदार्थाचा गुन्हा शाबीत झाला तर देशाबाहेर काढता येतं. स्वतःच्या वापरासाठी 30 ग्रॅमपर्यंत मारिजुआना बाळगण्याचा एकच गुन्हा एवढाच त्याला अपवाद. राज्याच्या कोर्टात 'गुन्हा कबूल करा, प्रोबेशन पुरं करा, मग केस रेकॉर्डवरून जाईल' अशी तडजोड मिळते आणि वकील म्हणतो, तुझ्यावर डागच राहणार नाही. राज्यापुरतं ते खरं असेलही. पण इमिग्रेशन कायद्याची शाबितीची व्याख्या वेगळी आहे: कबुली दिली आणि कोर्टाने काही बंधन घातलं, की तेवढं पुरतं. शिवाय कोर्टाबाहेर गुन्ह्याची कबुली दिली तरी देशात पुन्हा प्रवेश करताना अडचण येऊ शकते. 2010 मध्ये पडिला विरुद्ध केंटकी या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कबुलीने डिपोर्टेशन ओढवू शकतं हे अशिलाला सांगणं फौजदारी वकिलाचं कर्तव्य आहे. तरी वाट बघत बसू नका, तुम्हीच विचारा. ऑर्डरच्या मसुद्यातला एखादा शब्द बदलून मिळतो. सही झाल्यावर नाही.

मूल्यमापन, उपचार आणि गोळ्यांचा प्रश्न

बोर्ड बहुधा व्यसन विषयातल्या तज्ज्ञाकडून मूल्यमापन मागतं. कोणता तज्ज्ञ चालेल हे आधी बोर्डाला विचारा, पैसे भरल्यावर नव्हे. तज्ज्ञाला ऑर्डरची पूर्ण प्रत द्या. मूल्यमापन करणाऱ्याला अर्धी गोष्ट सांगितली आणि बोर्डाकडच्या फाइलमध्ये पूर्ण गोष्ट असली, की अहवालाची किंमत शून्य होते. अहवालात निदान, सोबर असल्याची तारीख, उपचार काय झाले, पुढे काय लागतील आणि 'नर्स म्हणून सुरक्षितपणे काम करू शकते का, कोणत्या बंधनांसह' याचं थेट उत्तर हवं. ते शेवटचं वाक्य नसेल तर नम्रपणे मागून घ्या.

व्यसनाच्या उपचारांच्या नोंदींना अमेरिकेत 42 सीएफआर पार्ट 2 या नियमाचं जादा संरक्षण आहे. तुमच्या लेखी संमतीशिवाय केंद्र त्या बोर्डाला देणार नाही. त्यामुळे 'त्यांनी पाठवलं असेल' असं धरून चालू नका. संमतीपत्र भरा, प्रत ठेवा, पोचल्याची खात्री करा.

ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन ही ओपिऑइडच्या व्यसनावरची औषधं घेणाऱ्यांना कधी कधी सांगितलं जातं की आधी हे बंद करा, मग बघू. डॉक्टरच्या देखरेखीखाली कायदेशीर लिहून दिलेलं औषध बंद करायला लावणं हा भेदभाव ठरू शकतो. मार्च 2022 मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने इंडियानाच्या नर्सिंग बोर्डाच्या बाबतीत असाच निष्कर्ष काढला की त्यांच्या सहाय्य कार्यक्रमात अशा औषधावर असलेल्या नर्सला बसू न देणं हा अपंगत्व कायद्याचा भंग आहे. त्यानंतरच्याच महिन्यात खात्याने या विषयावर सर्वसाधारण मार्गदर्शनही काढलं. कुणी असं म्हणालं तर ते लेखी मागा आणि वकिलाला दाखवा. बोर्डाला खूश करायला म्हणून औषध मनाने तर अजिबात सोडू नका. चालू बेकायदा वापराला मात्र हा कायदा संरक्षण देत नाही.

टेस्टिंग

सस्पेन्शन चालू असताना बोर्डाने सांगितलं नसलं तरी यादृच्छिक टेस्टिंग स्वतःहून सुरू करा. बहुतेक राज्यांत नर्सेससाठी सहाय्य किंवा मॉनिटरिंग कार्यक्रम असतो. टेक्सासमध्ये टीपॅपन, फ्लोरिडात आयपीएन. तिथे स्वतः नाव नोंदवता येत असेल तर उत्तम. नसेल तर बोर्डाला मान्य असलेल्या कंपनीकडे नोंदवा. लॅबमध्ये आपल्या सोयीच्या दिवशी जाऊन केलेल्या टेस्टला कुणी हिंग लावून विचारत नाही. नमुना कधी मागितला जाईल हे तुम्हाला माहीत नसणं हाच तिचा जीव आहे.

रोज सकाळी ॲप उघडायचं किंवा फोन करायचा आणि आज बोलावणं आहे का ते बघायचं. माझा अलार्म 5:10 चा होता, दात घासायच्याही आधी. चेक-इन चुकलं तर तोही भंग धरला जातो, आणि 'विसरले' हे कारण कुणी ऐकत नाही. प्रवासाला जाण्याआधी परवानगी आणि तिथल्या लॅबचा पत्ता हातात हवा.

कोणती टेस्ट किती मागचं बघते तेही समजून घ्या. दारूसाठी युरिनमधली ईटीजी दोन-तीन दिवस मागचं सांगते, रक्तातली पेथ 2 ते 4 आठवड्यांचं, आणि केसांची टेस्ट साधारण 90 दिवसांचं. ईटीजी फार संवेदनशील असते. माउथवॉश, खोकल्याचं औषध, व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट, कोंबुचा, अल्कोहोलवालं हँड सॅनिटायझर, यांनीही आकडा हलू शकतो. अमेरिकेच्या सॅम्सा या सरकारी संस्थेने 2006 मध्येच सांगितलं होतं की केवळ या एका टेस्टवर कुणावर कारवाई करू नये. पण तुमच्या करारात 'मी हे पदार्थ टाळेन' अशी सही असतेच, त्यामुळे वाद घालण्यापेक्षा बाटल्या घराबाहेर काढणं सोपं. घरात इतरांना लागतील त्या वस्तू वेगळ्या कप्प्यात.

आणि खसखस. तिच्यामुळे मॉर्फिन, कोडीन खरोखर दिसतं; अमेरिकेत सरकारी नोकऱ्यांच्या चाचणीची मर्यादा 1998 मध्ये 300 वरून 2000 नॅनोग्रॅमवर नेली त्याचं हेच कारण होतं. मॉनिटरिंगमध्ये मर्यादा त्याहून कमी असू शकते. एका बाईंचा फोन आला होता, नात्यातल्या कार्यक्रमात एक अनारसा खाल्ला आणि दोन दिवसांनी बोलावणं आलं. निभावलं, पण खुलासे करण्यात 3 आठवडे गेले. मॉनिटरिंगची वर्षं खसखस बंद.

घाबरून घटाघटा पाणी पिऊन जाऊ नका. युरिनमधलं क्रिएटिनिन 20 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेलं की नमुना 'पातळ' ठरतो, आणि पातळ नमुने वारंवार आले की संशय येतो. सकाळची पहिली युरिन सगळ्यात बरी. डॉक्टर किंवा दातांचे डॉक्टर काहीही लिहून देणार असतील तर आधी मॉनिटरिंगवाल्यांना कळवा आणि प्रिस्क्रिप्शनची प्रत पाठवा. शक्यतो एकच डॉक्टर, एकच फार्मसी.

टेस्टचा खर्च आपल्याच खिशातून जातो आणि तो महिन्यागणिक साचतो. पैसे संपले म्हणून टेस्ट चुकली, तरी नोंद 'चुकली' अशीच होते. कार्यक्रमाला सवलत किंवा हप्त्यांविषयी विचारायला लाजू नका.

फाइल आणि पत्र

माझी दुसरी फाइल निळ्या तीन कड्यांच्या बाइंडरमध्ये होती. ऑर्डरमधल्या 11 अटींचे 11 कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यावर अटीचा क्रमांक. बोर्डाचा कर्मचारी दिवसाला अशा कित्येक फायली बघतो. त्याला शोधावं लागू नये. आत मूल्यमापनाचा अहवाल, उपचार पूर्ण केल्याचं पत्र, टेस्टचा सलग इतिहास, मीटिंगची सही केलेली नोंद, कोर्सची प्रमाणपत्रं, आणि कोर्टाचं प्रकरण असेल तर त्याचे अंतिम कागद, शिक्क्यासकट. मीटिंगच्या बाबतीत एवढंच की 12 पायऱ्यांच्या मीटिंगा पटत नसतील तर स्मार्ट रिकव्हरीसारखा धर्मनिरपेक्ष पर्याय चालेल का ते विचारा, लेखी. डॉक्टर-नर्सेससाठीचे 'कड्यूसियस' नावाचे व्यसनमुक्ती गट मिळाले तर जरूर जा.

शिफारसपत्रं तीन-चार पुरेत, पण लिहिणाऱ्याला प्रकरण माहीत हवं. 'ती अतिशय प्रामाणिक आणि मेहनती आहे' असं ज्याला काहीच ठाऊक नाही त्याने लिहिलं, तर बोर्ड विचारतं की हिने यांनाही सांगितलं नाही वाटतं. माझ्यासाठी सगळ्यात उपयोगी पडलेलं पत्र एका लायब्ररीच्या पर्यवेक्षिकेचं होतं, जिथे मी सस्पेन्शनच्या काळात पुस्तकं लावत होते. तिने फक्त लिहिलं होतं की 16 महिन्यांत ही दोनदा उशिरा आली, दोन्ही वेळा टेस्टला बोलावलं होतं म्हणून, आणि दोन्ही वेळा तिने आधी फोन केला.

स्वतःचं निवेदन हे सगळ्यात अवघड पान. माझ्या पहिल्या अर्जातलं वाक्य असं होतं: 'कामाचा प्रचंड ताण आणि पाठदुखी यामुळे माझ्याकडून नकळत चूक झाली.' दुसऱ्या अर्जात, वकिलाने वाचून दिल्यावर: 'मी 7 महिने पेशंटच्या नावावरचं हायड्रोमॉर्फोन काढून स्वतः वापरलं आणि वेस्टच्या खोट्या नोंदी केल्या. त्या काळात माझ्या पेशंटना पुरेशी वेदनाशामकं मिळाली असतील याची मी खात्री देऊ शकत नाही.' दुसरं वाक्य लिहायला मला एक महिना लागला. त्यानंतर मात्र पुढचं सोपं गेलं: काय बदललं, तल्लफ आली तर कुणाला फोन करते, नार्कोटिक्सच्या मशीनसमोर पुन्हा उभी राहिले तर काय करणार. ताण, आजारपण, सासर, स्टाफ कमी, हे सगळं खरं असलं तरी दोन ओळींच्या वर जाऊ देऊ नका.

सुनावणी

काही राज्यांत कागदांवरच निर्णय होतो, काही ठिकाणी समोर बसावं लागतं. प्रश्न साधे असतात आणि म्हणूनच अवघड. शेवटचा वापर कधी? पहिल्यांदा कुठून घेतलं? स्पॉन्सर (व्यसनमुक्ती गटातला तुमचा अनुभवी सोबती) कोण, शेवटचं बोलणं कधी झालं? पुन्हा घसरलात तर सर्वांत आधी कुणाला कळवाल? उत्तर द्या आणि थांबा. आपल्याला शांतता सहन होत नाही आणि मग आपण बोलत सुटतो. फाइलमधल्या तारखा पाठ हव्यात. तोंडी तारीख आणि कागदावरची तारीख वेगळी निघाली की बाकी सगळं संशयात जातं.

परत कामावर

सहसा लायसन्स पूर्ण मोकळं न मिळता प्रोबेशनवर मिळतं. मॉनिटरिंग बहुधा 3 ते 5 वर्षं चालतं. सुरुवातीचे 6 ते 12 महिने नार्कोटिक्सला हात लावायचा नाही, रात्रपाळी आणि ओव्हरटाइम नाही, एजन्सी, ट्रॅव्हल किंवा होम हेल्थचं काम नाही, आणि कामाच्या जागी तुमच्यावर लक्ष ठेवून तिमाही अहवाल पाठवणारी व्यक्ती हवी, अशा अटी सर्रास असतात. भूल देणाऱ्या नर्सेसच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस तर अशी आहे की ॲनेस्थेशियाकडे परतण्याआधी किमान 1 वर्ष सोबर असावं.

अशा अटींवर नोकरी मिळणं हाच खरा घाम काढणारा भाग. डायलिसिस, पुनर्वसन केंद्र, मनोरुग्ण विभाग, विमा कंपनीचं केस रिव्ह्यू, दवाखान्याचं बाह्यरुग्ण काम, जिथे नार्कोटिक्सचं मशीन नाही तिथे आधी बघा. अर्जातल्या 'लायसन्सवर कधी कारवाई झाली आहे का' या प्रश्नाला कायम हो. नर्सिस या नर्सिंग लायसन्स तपासायच्या वेबसाइटवर कुणीही दोन मिनिटांत बघू शकतं. मुलाखतीत मी ऑर्डरची प्रत आणि अटींचं एक पान घेऊन जायचे आणि विषय स्वतःच काढायचे. 23 नकारांनंतर एका मॅनेजरने विचारलं, 'तुमच्या शिफ्टला नार्कोटिक्स दुसरी नर्स देईल, एवढंच ना?' एवढंच होतं.

याच्या आधी एक गोष्ट तपासा, नाहीतर मिळालेली नोकरी जाते. लायसन्स सस्पेन्ड झाल्यावर आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांचं कार्यालय तुम्हाला मेडिकेअर-मेडिकेड या सरकारी आरोग्य विमा योजनांमधून वगळू शकतं. अमली पदार्थ बेकायदा बनवणं, वाटणं, लिहून देणं किंवा पुरवणं अशा प्रकारचा फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा शाबीत झाला असेल तर निदान 5 वर्षं वगळतातच. त्या यादीत नाव असेपर्यंत या पैशांवर चालणारं कुठलंही हॉस्पिटल तुम्हाला ठेवू शकत नाही, अगदी ऑफिसच्या कामावरही नाही. लायसन्स परत आलं म्हणून नाव आपोआप निघत नाही. वेगळा लेखी अर्ज करावा लागतो. यादी ऑनलाइन आणि फुकट बघता येते. आपलं नाव आजच टाकून बघा.

घसरलात तर

लपवू नका, आणि सर्वांत आधी जीव सांभाळा. काही महिने बंद असलं की शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि पूर्वीचाच डोस जीव घेतो. नॅलोक्सोन हे ओव्हरडोसवरचं औषध घरी ठेवा. 2023 पासून त्याचा नाकातला स्प्रे प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळतो. 988 या मानसिक संकटाच्या हेल्पलाइनवर कधीही फोन करता येतो. त्यानंतर स्पॉन्सर, डॉक्टर, वकील, आणि वकिलाशी बोलून मॉनिटरिंगवाले. स्वतःहून कळवलेली घसरण आणि टेस्टमध्ये सापडलेली घसरण यात बोर्ड बराच फरक करतं.

बंधनं उठल्यावर

शेवटचा तिमाही अहवाल गेला की मुक्ततेची ऑर्डर मागून घ्या, वाट बघू नका. ती आल्यावर नर्सिसवर लायसन्स मोकळं दिसतंय का ते स्वतः तपासा. जुनी कारवाई तिथे दिसत राहते, पण सद्यस्थिती बदललेली हवी. कॉम्पॅक्टमधल्या (एकमेकांची नर्सिंग लायसन्स मान्य करण्याच्या करारातल्या) राज्यांत राहत असाल तर मॉनिटरिंगच्या काळात अनेक राज्यांत चालणारं लायसन्स मिळत नाही. फेलनी नसेल आणि बाकी अटी बसत असतील तर आता त्यासाठी वेगळा अर्ज करता येईल. नॅशनल प्रॅक्टिशनर डेटा बँक, म्हणजे लायसन्सवरच्या कारवायांची नोंद ठेवणारी सरकारी बँक, तिथून स्वतःचा अहवालही मागवा. जुनी नोंद तिथून पुसली जात नाही, पण लायसन्स पूर्ववत झाल्याची पुढची नोंद बोर्डाने पाठवलेली असायला हवी. माझ्या बाबतीत ती पाठवायची राहून गेली होती. दोन फोन आणि एका ईमेलनंतर ती आली, आणि मी तिची प्रत काढून निळ्या बाइंडरच्या बाराव्या कप्प्यात लावली.